बर्फ, धूळ आणि समुद्र : हिमयुगातला कार्बन गेला कुठे?

आजचा विषय वाचून काहींनी विचारलंय की तत्त्वज्ञानवाल्यांचं बर्फात काय काम? उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल. आधी प्रश्न समजून घेऊ.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. कॅनडावर आणि उत्तर युरोपवर बर्फाचे अवाढव्य थर होते, कॅनडात तर काही ठिकाणी तीनेक किलोमीटर जाडीचे. त्या वेळी हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १८०-१९० भाग इतकाच होता. हिमयुग संपल्यावर, कारखाने येण्याच्या आधी, तो २८० होता. म्हणजे हिमयुगात एकतृतीयांश वायू हवेतून गायब. वजनात सांगायचं तर सुमारे २०० अब्ज टन कार्बन. हा गेला कुठे? आणि दुसरा प्रश्न : तो गेला म्हणून बर्फ वाढला, की बर्फ वाढला म्हणून तो गेला? पहिला प्रश्न समुद्रशास्त्रज्ञांचा. दुसरा आमच्या घरचा आहे, आणि गंमत अशी की दुसरा नीट विचारल्याशिवाय पहिल्याचं उत्तर हाती लागलं नाही.

हिमयुग ही कल्पनाच मुळात दोनशे वर्षांच्या आतली. १८३७ साली स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला लुई अगासी याने ती विद्वानांच्या सभेपुढे ठेवली. श्रोत्यांना अपेक्षा होती माशांच्या जीवाश्मांवरच्या भाषणाची, कारण तो त्याचा हातखंडा विषय; आणि गृहस्थ बोलले बर्फाने झाकलेल्या युरोपवर. लोक नाराज झाले. पण दरीत पडलेले परके दगड, खडकांवरचे ओरखडे, हे सगळं बघता बघता पटत गेलं. बर्फ होता हे ठरलं. का होता, हे ठरायला पुढची दीडशे वर्षं गेली.

या 'का'च्या शोधात आपल्याला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेम्स क्रोल. स्कॉटलंडमधला गरीब घरातला माणूस. शिक्षण जेमतेम. गिरणीच्या यंत्रांची कामं केली, चहाचं दुकान काढलं, हॉटेल चालवलं, विम्याची पॉलिसी विकत दारोदार हिंडला, सगळीकडे अपयश. १८५९ साली ग्लासगोच्या अँडरसोनियन कॉलेजच्या संग्रहालयात रखवालदाराची नोकरी लागली आणि ग्रंथालय हाताशी आलं. त्याच्या आधी, १८५७ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं होतं ते ईश्वरवादाच्या तत्त्वज्ञानावर. म्हणजे तो आमच्याच गल्लीतून तिकडे गेलेला.

१८६४ च्या लेखात क्रोलने म्हटलं की पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा कधी जास्त लांबट होते, कधी कमी, आणि त्यामुळे हिवाळे कमी-अधिक कडक होतात. पण हा फरक इतका किरकोळ की एवढ्याने हिमयुग येणार नाही. मग? बर्फ थोडा जास्त पडला की तो ऊन परतवतो. ऊन परतलं की थंडी वाढते, थंडी वाढली की बर्फ आणखी टिकतो. वारे बदलतात, समुद्रप्रवाह बदलतात, आणि तेही थंडीत भर घालतात. परिणाम उलटा फिरून कारणालाच बळ देतो. आज शाळेतली मुलंसुद्धा 'फीडबॅक' म्हणतात. १८६४ साली त्यासाठी शब्दही नव्हता. क्रोलचं कक्षेचं गणित पुढे मिलान्कोविचने सुधारलं, आणि १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी समुद्रतळाच्या गाळातून ते तालचक्र खरंच दाखवून दिलं. पण क्रोलचं मोठेपण आपल्या मते गणितात नाही, त्या उलट फिरणाऱ्या परिणामात आहे.

आता वायूकडे. स्वान्ते अर्‍हेनियस हे नाव आज जागतिक तापमानवाढीच्या संदर्भात घेतलं जातं. पण १८९६ साली त्याने ते कंटाळवाणं, महिनोन्‌महिने चाललेलं गणित केलं ते मुख्यतः हिमयुगासाठी. युरोपच्या अक्षांशांवर तापमान चार-पाच अंशांनी उतरायचं तर हवेतला हा वायू किती कमी व्हायला हवा? त्याचं उत्तर : होता त्याच्या ५५ ते ६२ टक्क्यांवर यायला हवा. बर्फातली जुनी हवा मोजता येईपर्यंत या आकड्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९८० च्या सुमारास ग्रेनोबल आणि बर्न इथल्या प्रयोगशाळांनी ध्रुवीय बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे फोडून मोजले आणि १९८७ मध्ये अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक इथल्या बर्फाच्या गाभ्याने १ लाख ६० हजार वर्षांचा आलेख समोर ठेवला. हिमयुगातलं प्रमाण नंतरच्या ६५ टक्क्यांच्या आसपास! अर्‍हेनियसच्या बऱ्याच गृहीतकांवर पुढे टीका झाली, तरी हा आकडा पाहून थबकायला होतं.

तर वायू कमी होता, हे पक्कं. गेला कुठे? जमिनीवर, झाडांत आणि मातीत? नाही. जिथे अरण्यं होती तिथे बर्फ बसला होता, बाकीची जमीन कोरडी पडली होती; जमिनीनेही उलट कार्बन गमावला होता. खडकांचा हिशेब लाखो वर्षांचा, तो इतका चपळ नाही. उरला समुद्र. समुद्रात सुमारे ३८ हजार अब्ज टन कार्बन विरघळलेला आहे, हवेत मुळात होता त्याच्या साठपट. एवढ्या मोठ्या कोठारात आपले हरवलेले २०० अब्ज टन सहज दडून जातात.

ते खाली जातात कसे, हे बघू. समुद्राच्या वरच्या शंभरेक मीटरांत ऊन पोचतं. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती, म्हणजे प्लवक, कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. बारीक जीव त्यांना खातात. मेलेले प्लवक, त्या जीवांची विष्ठा, असा सगळा केरकचरा खाली बुडतो आणि खोल पाण्यात कुजतो. कार्बन वरून खाली गेला. याला जैविक पंप म्हणतात. पंप जोरात चालायला खत लागतं : नायट्रेट, फॉस्फेट. आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात खोल पाणी वर येतं, भरपूर नायट्रेट-फॉस्फेट घेऊन, पण तिथलं प्लवक ते संपवत नाही. सगळं वाढलेलं पान तसंच परत जातं. आणि खालून वर आलेला कार्बन मात्र हवेत सुटतो. पंपाला गळती आहे, ती तिथे.

हिमयुगात ही गळती कमी झाली असेल का? आणि त्यात बर्फाचा हात असेल का?

पहिलं मोठं उत्तर दिलं वॉलेस ब्रोकर यांनी, १९८२ साली. त्यांचा तर्क साधा. एवढा बर्फ आला कुठून? समुद्रातून. बर्फाच्या थरांनी इतकं पाणी अडवून ठेवलं की समुद्राची पातळी १२० मीटरांनी खाली गेली. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबई हाय, जिथे आपण तेल काढतो, ते मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत आणि तिथे पाण्याची खोली ७५ मीटरांच्या आसपास. हिमयुगाच्या ऐन भरात ती कोरडी जमीन होती. जगभर अशी किनाऱ्यापुढची उथळ जमीन उघडी पडली. तिच्यावर लाखो टन सेंद्रिय गाळ साठलेला. पावसाने तो धुपून समुद्रात गेला, त्यातलं फॉस्फेट समुद्राला मिळालं, प्लवक वाढलं, कार्बन खाली गेला. बर्फ वाढला म्हणून समुद्र सुपीक झाला.

इतका सुबक तर्क की तो खरा असावासा वाटतो. पण काळाचा हिशेब जमेना. हिमयुग संपताना आधी पातळी वर यायला हवी, मग फॉस्फेट परत गाळात जाणार आणि मग वायू वाढणार. गाभ्यांत दिसलं ते उलटंच : पातळी पुरती वर येण्याच्या कितीतरी आधीच वायू वाढू लागला होता. कारण कार्याच्या मागून येऊ शकत नाही. इथे न्यायशास्त्र आणि भूशास्त्र एकमत आहेत. ब्रोकर यांनीही तो तर्क कवटाळून धरला नाही.

यानंतर आले जॉन मार्टिन. त्यांच्यावर थोडं थांबू. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या समुद्र प्रयोगशाळेचे ते संचालक. तरुणपणी पोलिओ झालेला, कुबड्या घेऊन चालायचे. दक्षिण महासागरात लोह कमी असेल, म्हणून प्लवक वाढत नसेल, ही शंका १९३० च्या दशकातच काहींनी बोलून दाखवली होती. पण मोजायचं कसं? जहाज लोखंडाचं, तारा लोखंडाच्या, गंज सगळीकडे. पाण्याचा नमुना वर येईपर्यंत त्यात जहाजाचंच लोह उतरायचं. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकची भांडी, आम्लाने धुतलेल्या बाटल्या, धूळविरहित खोल्या असा सोवळ्याचा कारभार केला. आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक! आणि मग कळलं की खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर एका लिटर पाण्यात लोह असतं ते ग्रॅमचे काही अब्जांश. प्लवकाला कार्बनच्या साधारण लाखभर अणूंमागे लोहाचा एखादा अणू पुरतो, पण तो एखादा तरी लागतोच. पान वाढलंय, मीठ नाही, अशी गत.

हिमयुगाशी याचा सांधा व्होस्टॉकच्या बर्फात सापडला. ज्या थरांत वायू कमी, त्याच थरांत धूळ जास्त, आणि ती कितीतरी पट. धुळीत लोह असतं. १९९० साली मार्टिन यांनी मांडणी केली : हिमयुगातली कोरडी, वादळी हवा धूळ उडवते, धूळ दक्षिण महासागरात पडते, प्लवकाला लोह मिळतं, अडून राहिलेलं नायट्रेट वापरलं जातं, गळती बुजते, वायू उतरतो. त्याआधी १९८८ मध्ये वुड्स होलच्या एका व्याख्यानात त्यांनी थट्टेने म्हटलं होतं की अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. ही थट्टा त्यांच्या सिद्धांतापेक्षा जास्त गाजली आणि तिने पुढे बराच घोळ घातला. त्याकडे शेवटी येऊ.

ही धूळ आली कुठून? बहुतांश दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून, पॅटागोनियातून. इथे बर्फ पुन्हा येतो आणि तोही अगदी जात्यासारखा. पॅटागोनियाच्या डोंगरांवरच्या हिमनद्या खडक दळून त्याचं पीठ करतात. हिमनद्या जेव्हा पुढे सरकून सपाट मैदानांवर हे पीठ ओततात, तेव्हा वारा ते उचलतो. हिमनद्या मागे हटल्या की त्यांच्यापुढे तळी तयार होतात, पीठ तळ्यांत बसतं आणि वाऱ्याला काही मिळत नाही. २००९ साली डेव्हिड सग्डन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंटार्क्टिकातल्या धुळीचे चढउतार पॅटागोनियाच्या हिमनद्यांच्या या मागे-पुढे होण्याशी जुळतात. आपण बर्फ म्हटलं की शुभ्र, निश्चल काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. तो दळणारा आहे.

आता साखळी लावून पाहू. बर्फ वाढला, म्हणून धूळ. धूळ, म्हणून लोह. लोह, म्हणून प्लवक. प्लवक, म्हणून वायू कमी. वायू कमी, म्हणून थंडी. थंडी, म्हणून बर्फ. फिरून तिथेच आलो. तर्कशास्त्राच्या वर्गात कोणी असं उत्तर दिलं तर आम्ही 'अन्योन्याश्रय' असा शेरा मारायचो. 'अ' सिद्ध करायला 'ब' हवा आणि 'ब' सिद्ध करायला 'अ', म्हणजे दोन्ही अधांतरी.

पण आपल्या परंपरेत दुसराही एक दृष्टांत आहे : बीजांकुर. बीजातून झाड, झाडातून बीज. इथे दोष नाही, कारण ज्या बीजातून हे झाड आलं ते बीज या झाडाचं नव्हे, आधीच्या झाडाचं. वर्तुळ दिसतं ते नावांमुळे. काळात उलगडलं की ती रांग असते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कर्म आणि शरीर यांच्याबाबत हाच आधार घेतला. आणि गंमत बघा, त्यांचे परमगुरू गौडपाद मांडूक्यकारिकेत हा दृष्टांत मानायलाच तयार नाहीत. ते म्हणतात, बीजांकुराचं अनादित्व हेच अजून सिद्ध व्हायचंय. जे स्वतः सिद्ध नाही त्याचा दाखला कसा देता?

आम्हाला वाटतं हिमयुगाच्या बाबतीत दोघांचंही ऐकायला हवं. शंकराचार्यांचं अशासाठी की रांग उलगडायची म्हणजे तारखा लावायच्या. तारखा लावल्या की काय दिसतं? गेल्या हिमचक्राच्या सुरुवातीला, साधारण १ लाख १५ हजार वर्षांपूर्वीपासून, वायू एका पायरीने उतरला, ३०-४० भागांनी. त्या वेळी अंटार्क्टिकात धूळ वाढलेलीच नव्हती! ती ठळकपणे वाढली सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा वायूने दुसरी पायरी उतरली. म्हणजे लोहाचं काम खरं, पण ते मधलं. पहिली पायरी बहुधा थंड झालेल्या पाण्याने, वाढलेल्या समुद्री बर्फाने आणि खोल पाणी वर येणं मंदावल्याने उतरली. २०१४ साली मार्टिनेझ-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रतळातल्या सूक्ष्म कवचांमधल्या नायट्रोजनवरून दाखवलं की धूळ वाढली तेव्हा तिथलं नायट्रेट खरोखर जास्त वापरलं गेलं. मार्टिन बरोबर होते. पण लोहाच्या वाट्याला येते ती जास्तीत जास्त ४० भागांची घट, पूर्ण शंभराची नव्हे.

गौडपादांचं ऐकायचं ते अशासाठी की ही रांग अनादि नाही. अंटार्क्टिकावर एके काळी मोठा बर्फच नव्हता. तो बसला सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा पहिलं बीज कोणतं? डीकाँटो आणि पोलार्ड यांच्या २००३ च्या गणिताने बोट दाखवलं ते वायूकडे : तो हळूहळू घसरत एका उंबरठ्याखाली गेला आणि मग बर्फ झपाट्याने वाढला. लगेच समुद्रही बदलला. पॅसिफिकच्या तळाशी चुनखडीची कवचं विरघळायची खोली एक किलोमीटरहून जास्त खाली सरकली. कारणांची चर्चा चालू आहे, पण एक कारण ब्रोकर यांच्या तर्काची आठवण करून देतं. पातळी उतरल्यावर उथळ समुद्रातली प्रवाळांची चुनखडी साठायची जागा गेली, आणि तो चुना खोल समुद्राच्या वाट्याला आला. एका ठिकाणी फसलेला तर्क दुसऱ्या ठिकाणी कामाला येतो, असं विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा होतं.

आणखी एक सावधगिरी. 'बर्फ वाढला की समुद्र सुपीक होतो' असा नियम कोणी काढू नये. दक्षिण महासागरातच, ध्रुवीय सीमेच्या उत्तरेला प्लवक वाढलं, पण दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या जवळ, ते घटलं. समुद्री बर्फाने आणि न मिसळणाऱ्या पाण्याने तिथे खतच कमी वर आलं. आणि आपला अरबी समुद्र? उत्तरेकडे बर्फ असताना नैऋत्य मोसमी वारे मंदावले होते. ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जे खोल पाणी उसळून वर येतं आणि समुद्र हिरवा करतं, ते कमी झालं. तिथली सुपीकता उतरली, आणि त्यासोबत मधल्या थरांतलं नायट्रेट नष्ट होण्याचं प्रमाणही घटलं. एकच बर्फ पॅटागोनियापुढच्या समुद्राला खत देतो आणि ओमानपुढच्या समुद्राचं खत अडवतो.

आता त्या अर्ध्या टँकरकडे. मार्टिन जून १९९३ मध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलापागोसजवळ समुद्रात लोह सोडून पाहिलं, प्लवक वाढलं. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात तर पाण्याचा रंगच बदलला. मग कंपन्या आल्या. समुद्रात लोह टाकू, कार्बन बुडवू, त्याचे क्रेडिट विकू! २००८ साली लंडन कराराच्या सदस्य देशांनी ठरवलं की संशोधनापलीकडे हे चालणार नाही. आणि लगोलग, २००९ च्या जानेवारीत, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा संयुक्त प्रयोग निघाला. नाव 'लोहाफेक्स', आपल्याच लोहावरून. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे प्रमुख. जहाज 'पोलारस्टर्न' केपटाऊनहून सुटलं आणि जर्मनीत गदारोळ झाला. पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितलं, जहाज वाट बघत राहिलं, तपासण्या झाल्या, जानेवारीअखेर परवानगी आली. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात लोह सोडलं.

प्लवक वाढलं, पण बेताचंच. डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं आणि नीट बुडणारं प्लवक, फारसं आलंच नाही. त्या पाण्यातलं सिलिका आधीच्या बहरांनी संपवलेलं होतं. जे बारीक प्लवक आलं ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी खाल्लं, आणि त्यांच्यावर झिंग्यासारख्या मोठ्या जीवांनी ताव मारला. खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला. २००४ साली याच महासागरात, सिलिका भरपूर असलेल्या जागी केलेल्या प्रयोगात मात्र बहरातला निम्म्याहून अधिक कार्बन हजार मीटरांखाली गेला होता. लोह तेच, महासागर तोच, निकाल निराळा.

म्हणजे मीठ घातलं तरी पानात बाकी काय वाढलंय हे बघावंच लागतं. मग हिमयुगात उत्तरेकडच्या त्या पट्ट्यात, जिथे आज सिलिका कमी पडतं, तिथे प्लवक वाढलं कसं? काही म्हणतात, अंटार्क्टिकाजवळ प्लवक घटल्यामुळे तिथलं न वापरलेलं सिलिका उत्तरेकडे वाहत आलं. काही म्हणतात, पोटभर लोह मिळालं की डायटम कवच पातळ बांधतात आणि थोड्या सिलिकात भागवतात. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. या विषयावर बरेच प्रश्न आधीच आलेत असं दिसतंय, तेव्हा त्यांच्यापासूनच सुरुवात करू.